तेलात बुडवलं म्हणजे टिकलं का?

आजचा विषय आहे तेलातलं पनीर. काचेची बरणी, तिच्यात पनीरचे पांढरे चौकोन, वर ऑलिव्ह तेल, मधून लाल मिरची, लसूण आणि हिरवी पानं. मोबाईलवर असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. घरी दूध आहे, हाताला चव आहे, मग आपल्या गटानं अशा बरण्या भरून बाजारात का विकू नयेत, असं मनात येणं साहजिक आहे. पदार्थ चांगला आहे आणि घरी करता येतो. पण तो किती दिवस टिकतो, हे नीट समजून घेतल्याशिवाय बरणी भरू नका. सोबत पाककृतीही सांगते.

आपण लोणचं घालतो. वर चार बोटं तेल ओततो आणि वर्षभर निर्धास्त असतो. त्यामुळे तेलात घातलं की टिकतं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण कैरीचं लोणचं नेमकं कशानं टिकतं? कैरी मुळात आंबट असते. तिला आपण भरपूर मीठ लावतो, त्यानं पाणी सुटतं. आंबटपणा आणि मीठ हे खरे राखणदार. तेल फक्त वरची हवा अडवतं. बुरशीला हवा लागते, म्हणून बुरशी धरत नाही. तेलाचं काम तेवढंच.

आता पनीर बघा. ते आंबट नाही, खारट नाही, आणि त्यात पाणी भरपूर असतं. कायद्यानं पनीरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. म्हणजे पाव किलो पनीरमध्ये दीडशे ग्रॅमपर्यंत पाणीच. असं ओलं, अळणी पनीर तेलात बुडवलं तर बुरशी थांबेल, पण काही जंतू असे आहेत ज्यांना हवा नसलेलीच जागा हवी असते. त्यातला एक फार वाईट. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो. लसूण, हिरवी पानं, मुळं यांना माती लागते, तिच्याबरोबर त्याची बीजं घरात येतात. ही बीजं साध्या उकळत्या पाण्यानं मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही, ऊब आहे, अशी जागा मिळाली की ती रुजतात आणि विष तयार करतात. हे विष बऱ्याचदा वासानं, चवीनं, रंगानं कळत नाही. त्यामुळे ‘वास घेऊन बघितलं, चांगलं होतं’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे चालत नाही.

हे घडलेलं आहे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका हॉटेलात जेवलेले ३६ जण या विषानं आजारी पडले. कारण निघालं तेलात ठेवलेला चिरलेला लसूण. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची होती, ती बाहेर ठेवली गेली. हा आजार परदेशातच होतो असंही नाही. १९९६ च्या सप्टेंबरात आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यातले किमान तिघे दगावले. तिथे खाण्यात याच जातीचं विष बनवणारा, या जंतूचा भाऊबंद सापडला.

मग राखण कशानं करायची? चार गोष्टी लक्षात ठेवा: आंबटपणा, मीठ, कोरडेपणा आणि थंडी. आंबटपणा मोजायचं माप असतं, त्याला पीएच म्हणतात. आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ च्या खाली हा जंतू वाढत नाही. पनीरचा आकडा साधारण साडेपाचच्या आसपास असतो, म्हणून ते धोक्याच्या बाजूला. चांगलं विरजलेलं आंबट दही मात्र साडेचारच्या आत येतं. म्हणूनच लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागातल्या बायका पनीर घेत नाहीत, दही टांगतात. त्या चक्क्यात मीठ घालून गोळे वळतात आणि ऑलिव्ह तेलात ठेवतात. त्याला त्या लबने म्हणतात. आपण श्रीखंडाला चक्का करतो, तोच हा चक्का, फक्त साखरेच्या जागी मीठ. आपल्या धरणगावावरून जी रेल्वे सुरतेला जाते, त्या सुरतेचं पारशी टोपली पनीरही बघा. लहान टोपल्यांत पाडलेलं ते मऊ पनीर मीठ घातलेल्या निवळीत ठेवतात आणि ताजंच खातात. जुन्या माणसांनी कुठेच नुसत्या तेलावर भरवसा ठेवलेला नाही.

आता कृती. आधी चक्क्याची, कारण ती जास्त बिनधोक.

एक किलो घट्ट, आंबट दही घ्या. त्यात सपाट चमचाभर मीठ मिसळा. स्वच्छ, उकळून वाळवलेल्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाहेर खुंटीला टांगू नका. एक दिवस आणि एक रात्र निथळू द्या. चक्का बोटाला चिकटेनासा झाला की सुपारीएवढे गोळे वळा. ताटात फडकं पसरून त्यावर ते आणखी एक रात्र फ्रिजमध्येच सुकवा. कोरड्या बरणीत भरा आणि गोळे पूर्ण बुडतील इतकं तेल ओता. आठ दिवसांत संपवा.

पनीरची कृती अशी. एक लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण दोनशे ग्रॅम पनीर होतं. ते चांगलं दाबून पाणी काढा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, निथळा, फडक्यानं कोरडे करा. एका कढईत तेल गरम करून त्यात सुकी लाल मिरची, मिरे आणि ओवा टाका. तेल पूर्ण गार झाल्यावर पनीरवर ओता. लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

पानं घालायची तर वाळवलेली घाला. सुका पुदिना, सुका कढीपत्ता चालतो. परदेशी पाककृतीत थाईम नावाची वनस्पती असते. तिच्यातला मुख्य वासाचा पदार्थ थायमॉल, आणि तोच आपल्या ओव्यातही असतो, त्यामुळे ओवा घातला की जवळपास तीच चव येते. ओली कोथिंबीर, ओला लसूण, हिरवी मिरची बरणीत घालू नका. लसणाची हौस असेल तर खाताना वरून फोडणी द्या. ऑलिव्ह तेल महाग पडतं, तिथे घाण्याचं शेंगदाणा तेल वापरा. फ्रिजमध्ये ऑलिव्ह तेल गोठल्यासारखं होतं, ते खराब झालेलं नसतं. थोडा वेळ बाहेर ठेवलं की सुटतं. लागेल तेवढे तुकडे कोरड्या चमच्यानं काढा आणि बरणी परत आत ठेवा. पनीर संपलं की उरलेलं तेल त्याच दिवशी भाजीत घालून उकळून वापरा, साठवू नका.

आता विक्रीचं. गटानं कुठलाही खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते, ती आधी करा. पण नोंदणी झाली म्हणून ही बरणी आठवडी बाजारात उन्हात मांडता येत नाही. तुमच्या घरापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत ती थंड राहायला हवी, आणि घरी नेल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवील की कपाटात, हे आपल्या हातात नसतं. भारनियमनात फ्रिज चार-पाच तास बंद राहिला तर त्या बरणीचं काय करणार, हेही आधी ठरवा. फ्रिज असा बंद राहिल्यावर ती विकू नये, हे माझं स्पष्ट मत. गटाला सुरुवात करायची तर ताज्या चक्क्यानं किंवा ताज्या मसाला पनीरनं करा. आदल्या दिवशी मागणी घ्या, सकाळी करा, दुपारच्या आत पोहोचवा. त्यात तेलाचा खर्चही वाचतो. चार गिऱ्हाइकं रोजची झाली की गटाचा जम बसतो.

शेवटी एक गोष्ट लिहूनच ठेवा. असं काही खाल्ल्यावर कुणाला दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, घास गिळेना किंवा हातपाय लुळे वाटले, तर घरगुती उपाय करत बसू नका. ही लक्षणं बहुतेक वेळा बारा ते छत्तीस तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही दिसतात. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा आणि बरणी बरोबर न्या. या विषावर उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.

ज्या घरात फ्रिज नाही, तिथे हा पदार्थ साठवणीचा नाही. तिथे चक्का करा, मीठ-ओवा लावा, वर चमचाभर तेल सोडा आणि कळण्याच्या भाकरीबरोबर त्याच जेवणात संपवा. चव तीच लागते. पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.