‘हे खरे आहे काय?’ : विधानसभेतील प्रश्नाचे व्याकरण

लोकप्रतिनिधीला मंत्र्यास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातही सांगितलेली असते. परंतु तो प्रश्न कोणत्या वाक्यरचनेत व कोणास उद्देशून विचारावा लागतो, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः प्रश्नाचे यशापयश बव्हंशी त्याच्या रचनेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात आरोग्य, क्रीडा व न्याय हे तीन विषय घेऊन, गावातील गाऱ्हाणे विधानसभेतील प्रश्नाचे रूप धारण करते तेव्हा त्याच्या अर्थात कोणते फेरफार होतात, हे पाहावयाचे आहे. विवेचनास निश्चित आधार असावा म्हणून नांदेड जिल्ह्यातील देगलूर हा मतदारसंघ समोर ठेवला आहे.

देगलूर हे तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगतच्या टापूतील तालुक्याचे गाव. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषाही येथील बाजारात कानी पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता आणि निजामाच्या राजवटीत वरिष्ठ कारभार उर्दूतून चाले. येथील रयतेचे गाऱ्हाणे वरपर्यंत पोहोचावयाचे तर ते आपल्या बोलीतून परक्या दरबारी भाषेत जावे लागे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राजभाषेचे स्थान मिळाले. आता भाषांतराचे कारण उरले नाही, असे वरवर पाहता वाटेल. परंतु बोलीकडून राजभाषेकडे जाण्याचा प्रवास शिल्लकच राहिला. आणि त्या प्रवासात जे हरवते त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

प्रश्न विचारणाराच नसेल तर काय होते, याचाही अनुभव या मतदारसंघास आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची साथ ऐन भरात असताना, तेथील आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे निधन झाले. पोटनिवडणूक ३० ऑक्टोबर २०२१ रोजी झाली व त्यांचे पुत्र जितेश अंतापूरकर निवडून आले. मधल्या सुमारे सहा महिन्यांत, आरोग्याचे प्रश्न सर्वांत निकडीचे असताना, सभागृहात देगलूरची जागा रिकामी होती.

प्रश्नाचा साचा

आपल्याकडे कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाला. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास पूरक प्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि १९१९ नंतर ती इतर सभासदांसही मिळाली. आज विधानसभेत ज्या प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावयाची असतात, त्यांस तारांकित प्रश्न म्हणतात व त्यांवर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. याखेरीज अल्पसूचना प्रश्न, लक्षवेधी सूचना व अर्धा तास चर्चा ही साधने आहेत. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तारांकित प्रश्नच सर्वांत बोधप्रद होय. कारण त्याचा साचा जवळजवळ ठरून गेलेला आहे. नमुन्यादाखल रचलेला पुढील प्रश्न पाहावा :

“सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

या साच्याचे मर्म पहिल्या उपप्रश्नात आहे. तेथे प्रश्नकर्ता प्रथम एक विधान करतो आणि मग त्या विधानाच्या सत्यतेविषयी विचारतो. पुढील सर्व उपप्रश्न ‘असल्यास’ या शब्दाने पहिल्यास बांधलेले असतात. म्हणून पहिले विधान कोसळले की सगळी इमारत कोसळते, आणि उत्तर पुढीलप्रमाणे येऊ शकते : “(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.”

वरील विधानात वस्तुतः तीन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत : पदे रिक्त आहेत, रुग्णांची गैरसोय होत आहे, आणि पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे. यांपैकी एक जरी खोटी ठरली तरी संपूर्ण विधानास ‘खरे नाही’ म्हणता येते. निदान ‘हे अंशतः खरे आहे’ एवढे म्हणून मोकळे होता येते. समजा, पदे कागदोपत्री भरलेली आहेत, परंतु नेमलेला वैद्यकीय अधिकारी रुग्णालयात राहत नाही. मग ‘हे खरे नाही’ हे उत्तर शब्दशः बिनचूक आहे. आणि तरीही दारात उभ्या असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने त्यात सत्याचा लवलेश नाही.

‘भेटंना’ आणि ‘उपलब्ध नाहीत’

हा दोष प्रश्नात येतो कोठून? गाऱ्हाण्याचे मूळ शब्द पाहिले म्हणजे याचे उत्तर सापडते. मराठवाड्यातील माणूस ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘दवाखान्यात डॉक्टर भेटंना.’ प्रमाण मराठीत हेच रूप ‘भेटेना’ असे होईल. ‘येईना’, ‘होईना’, ‘उघडेना’ ही याच जातीची रूपे. ‘भेटत नाही’ आणि ‘भेटेना’ यांत केवळ लकबीचा भेद नाही. ‘भेटत नाही’ हे सामान्य नकारार्थी विधान आहे. ‘भेटेना’ म्हणताना मात्र बोलणाऱ्याने प्रयत्न केला, कदाचित वारंवार केला, आणि तरीही कार्य सिद्धीस गेले नाही, असा अर्थ क्रियापदाच्या रूपातच सामावलेला असतो. एका आघाताएवढ्या प्रत्ययात खेपा, वाट पाहणे आणि निराशा एवढे सगळे मावते.

कार्यालयीन मराठीत या रूपास जागा नाही. तेथे ‘डॉक्टर उपलब्ध नाहीत’ असे होते आणि पुढे ‘पदे रिक्त आहेत’ असे होते. पहिल्या पायरीवर प्रयत्न करणारा माणूस नाहीसा होतो. दुसऱ्या पायरीवर डॉक्टरही नाहीसा होऊन त्याच्या जागी ‘पद’ येते. मग मंत्री पदाविषयी उत्तर देतात, ते योग्यच म्हणावे लागते. कारण प्रश्नही पदाविषयीच होता.

प्रश्न कोणास विचारावयाचा?

दुसरी अडचण संबोधनाची. बोलीत ‘सरकारी दवाखाना’ हा एकच शब्द आहे. शासनाच्या कोशात मात्र त्याचे अनेक अर्थ होतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. तर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढील उपचारांसाठी सुमारे ८० किलोमीटरवरील नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात पाठविलेला रुग्ण वाटेत एका मंत्र्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो. रुग्ण तोच आणि आजारही तोच. परंतु प्रश्न मात्र दोन होतात.

हा भेद केवळ कागदी नाही. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवशी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. आजूबाजूच्या गावांतून अत्यवस्थ अवस्थेत आणलेल्या रुग्णांचा भार या रुग्णालयावर पडतो, हे त्या वेळी पुढे आले. अर्भक तालुक्याच्या ठिकाणी का वाचविता आले नाही, हा प्रश्न एका मंत्र्यास. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी का वाचविता आले नाही, हा दुसऱ्यास. या दोहोंमधील वाटेविषयीचा प्रश्न विचारावयाचा तर दोन्ही खात्यांची नावे घेऊन तो जाणीवपूर्वक रचावा लागतो.

क्रीडाविषयक प्रश्न सामान्यतः गौण मानले जातात. परंतु खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली, हे महाराष्ट्राने विसरू नये. येथील भाषिक अडचण क्रियापदाच्या काळाची आहे. ‘तालुका क्रीडा संकुलाचे बांधकाम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय’ असे विचारले तर ‘बांधकाम पूर्ण झाले आहे’ एवढ्यावर प्रश्न संपतो. ‘झाले आहे’ हे रूप पूर्ण झालेली क्रिया सांगते. पुढील वापराविषयी मौन पाळते. कुलूप कोणाकडे आहे, मार्गदर्शक नेमला आहे काय, मुलींना तेथे खेळावयास मिळते काय, या गोष्टी ‘बांधकाम’ या नामात येत नाहीत. म्हणून येथे ‘वापरले जाते काय’ असे साध्या वर्तमानाचे क्रियापद हवे.

न्यायाच्या बाबतीत तर शब्दच फसवा आहे. ‘आम्हांला न्याय मिळावा’ असे माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पोलिसांचा तपास, न्यायालयातील तारखा किंवा वसतिगृहातील प्रवेशही असू शकतो. यांपैकी तपास गृह विभागाकडे, न्यायालयाच्या इमारती व पदे विधि व न्याय विभागाकडे, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाकडे जाते. प्रत्यक्ष निकालाविषयी मंत्र्यास विचारताच येत नाही. उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा विधानमंडळात करण्यास संविधानाच्या अनुच्छेद २११ ने मनाई केली आहे. आणि न्यायप्रविष्ट बाबींवर बोलण्यासही सभागृहाचे नियम मर्यादा घालतात. ही मर्यादा योग्यच आहे. परंतु ‘निकाल का लागेना’ या प्रश्नातील ‘न्यायाधीशांचे पद किती दिवस रिकामे आहे’ एवढा भाग विचारण्यास कोणतीही आडकाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

उत्तराचे व्याकरण

उत्तरातील आवडती रचना म्हणजे ‘-ण्यात येणे’ : ‘माहिती घेण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. यास व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. त्यात कर्ता सांगण्याचे बंधन नसते. म्हणून कोण करील व केव्हा करील, हे गुलदस्तात राहते. तथापि असे वाक्य निरर्थक मात्र नसते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मधील व्याख्यानांत दाखवून दिले की, काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. वचन देणे हे त्याचे ठळक उदाहरण. संसदीय व्यवहाराने ही गोष्ट आपल्या परीने आधीच ओळखली होती. लोकसभेत शासकीय आश्वासनांविषयीची समिती १९५३ मध्ये स्थापन झाली, आणि कोणते शब्दप्रयोग आश्वासन मानावयाचे याची सूचीही तेथे वापरात आहे. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. सभागृहात ‘करण्यात येईल’ असे वदवून घेणे, म्हणजे मंत्र्यास आपल्या क्रियापदाशी बांधून घेणे होय.

म्हणूनच पूरक प्रश्नाचे महत्त्व. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या पैशांविषयी लोकसभेत प्रश्न उपस्थित झाला. पहिल्या उत्तरातून फारसे निष्पन्न झाले नाही. परंतु फिरोज गांधी आदी सभासदांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पहिला प्रश्न दार ठोठावतो. ते उघडण्याचे काम पुढचा प्रश्न करतो.

उपसंहार

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. गाऱ्हाणे आमदारापुढे मांडणाऱ्याने प्रथम पाहिलेली गोष्ट सांगावी, अनुमान नंतर. ‘पदे रिक्त आहेत’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेस, अमुक वेळी तीन खेपा घालूनही डॉक्टर भेटले नाहीत’ असे लिहावे. ‘भेटंना’ मधील हरवलेला प्रयत्न तारखांच्या रूपाने परत आणता येतो. प्रश्न रचणाऱ्याने एका उपप्रश्नात एकच विधान ठेवावे, कारणाचा दुवा निराळा विचारावा, आणि ‘असल्यास’ च्या साखळीबाहेर निदान एक स्वतंत्र उपप्रश्न राखावा : “या रुग्णालयात गेल्या तीन महिन्यांत वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष किती दिवस हजर होते?” या प्रश्नास ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही, तेथे आकडा द्यावा लागतो.

राजभाषा मराठी झाली, यात समाधान मानणे योग्यच होय. परंतु देगलूरच्या बाईने दवाखान्याच्या पायरीवर उच्चारलेले क्रियापद मुंबईच्या किंवा नागपूरच्या सभागृहात पोहोचेपर्यंत अर्थासह टिकले, तरच ती भाषा तिची झाली असे म्हणता येईल.