हवेत जागा किती?

नागपुरात मे महिन्यात कूलर सुरू झाला की घर राहण्याजोगं होतं. तोच कूलर उचलून मुंबईत दादरला लावला तर खोली गार होण्याऐवजी चिकट होते. पाणी तेच, पंखा तोच. मुंबईत ऊन कमी, म्हणून पाणी कमी उडतं, असं बहुतेकजण सांगतील. ते अर्धंच खरं आहे.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगानं हालत नसतात. पृष्ठभागाजवळचा एखादा चपळ रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. दोरीवरचं लुगडं वाळतं ते असंच. चपळ रेणू निघून गेले की मागे संथ उरतात, म्हणजेच पाणी थंड होतं. निसटणारे रेणू जी उष्णता सोबत नेतात, ती थोडीथोडकी नव्हे. ३० अंशांचं लिटरभर पाणी उकळीला आणायला जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे आठपट ऊर्जा त्याच पाण्याची ३० अंशांवरच वाफ करायला लागते. कूलर आणि माठ ही ऊर्जा आसपासच्या हवेतून आणि पाण्यातून काढून घेतात.

पण ही वाहतूक दुहेरी असते. हवेतल्या बाष्पाचे रेणू पाण्यात परतही येतात. जाणारे वजा येणारे, तेवढंच खरं बाष्पीभवन. ४० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प मावतं. (‘हवेत मावतं’ हे भौतिकशास्त्रज्ञांना रुचत नाही, कारण बाष्पाला हवेची गरजच नसते, हिशेब मात्र चुकत नाही.) नागपूरच्या दुपारी आर्द्रता २० टक्के धरली, तर जवळजवळ ४१ ग्रॅमची जागा रिकामी असते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर उरते जेमतेम ११ ग्रॅमची. तापमानात फरक सात अंशांचा, पण रिकाम्या जागेत चौपटीचा! बाष्पीभवनाचा वेग या मोकळ्या जागेवर आणि वाऱ्यावर ठरतो, हे शास्त्रज्ञ जॉन डाल्टननं १८०२ मध्येच मांडलं होतं. वारा थंडावा आणतो म्हणून नव्हे, तर पाण्याला चिकटून बसलेला दमट थर हटवून कोरडी हवा आणतो, म्हणून तो महत्त्वाचा. पावसाळ्यात कोकणात कपडे पंख्याखाली वाळत घालतात, ते याचसाठी.

आता हाच हिशेब शेततळ्याला लावा. हवामान खातं बाष्पीभवन मोजायला सुमारे सव्वा मीटर व्यासाचं उथळ पात्र वापरतं आणि त्यातली पातळी रोज किती उतरली ते पाहतं. मराठवाडा-विदर्भात भर उन्हाळ्यात ती दिवसाला १० मिलिमीटरहूनही जास्त उतरते. पात्राच्या कडाही तापत असल्यामुळे तलावासाठी या आकड्याचा साधारण ७० टक्के भाग धरतात. म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून रोज सहा हजार लिटरच्या वर पाणी हवेत जातं. एक छोटा टँकरच की! खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद झिरपणं थांबवतो. वरून होणारी गळती तो थांबवू शकत नाही.

पाणी किती साठलं यापेक्षा ते किती पसरलं यावर हा तोटा ठरतो. म्हणूनच पैठणच्या नाथसागरासारख्या अफाट पसरलेल्या आणि त्या मानानं उथळ जलाशयाला उन्हाचा फटका मोठा बसतो. एवढ्या पाण्यावर छप्पर घालायचं कसं? पाण्यावर अल्कोहोलच्या जातीतल्या रसायनाचा रेणूभर जाडीचा थर पसरवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण तो थर वाऱ्यानं फाटतो. छोट्या तळ्यावर शेडनेट ताणता येतं. ते ऊनही अडवतं आणि वाराही. त्याहून सोपं म्हणजे तळं खणतानाच पसरट न करता खोल करावं.

पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात धरायचं, हे समजू शकतं. पण हिवाळ्यात बोअरचं पाणी उपसून तळं काठोकाठ भरायचं आणि एप्रिल-मे भर उन्हात ते उघडं ठेवायचं, हा व्यवहार मला तरी पटत नाही. जमिनीखाली त्या पाण्याला ना ऊन लागत होतं, ना वारा.