मॉर्वेनस्टो : एका लहान अँग्लिकन मंडळीचें वर्ष

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. त्याच्या अगदीं उत्तर सीमेवर मॉर्वेनस्टो हें गांव वसलेलें आहे. एका बाजूस उंच, उभे कडे आणि त्यांच्या पायथ्याशीं अटलांटिक महासागर. दुसऱ्या बाजूस शेतें, कुरणें व विखुरलेलीं घरें. समुद्राकडे उतरणाऱ्या दरीच्या माथ्यावर नॉर्मन कमानींचें एक जुनें दगडी चर्च आहे. शहरांतील कॅथीड्रलांचें वैभव येथें नाहीं. तरीहि इंग्रजी धर्मजीवनांतील एक अत्यंत लोकप्रिय सण येथूनच देशभर पसरला. लहान मंडळीची उपासना कशी चालते, तिचे सण कोठून आले आणि ते कशाच्या आधारावर टिकतात, हें समजून घेण्यास मॉर्वेनस्टोसारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

सोळाव्या शतकांत रोमच्या पोपची सत्ता नाकारून इंग्लंडमध्यें जें राष्ट्रीय चर्च निर्माण झालें, त्याच्या परंपरेस अँग्लिकन म्हणतात. मराठी वाचकांस हा पंथ अगदींच अपरिचित नाहीं. १८९० सालीं ज्या चहापानावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें, तें पंचहौद मिशन याच पंथाचें होतें. महाराष्ट्रांतील अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत इतर पंथांच्या मंडळ्यांसह सामील झाल्या.

या पंथाचा कणा म्हणजे त्याचा प्रार्थनाग्रंथ. आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यानें १५४९ सालीं लॅटिन उपासनेच्या जागीं इंग्रजी उपासना आणली. जें कानांवर पडतें तें सामान्य मनुष्यास समजलें पाहिजे, हा त्यामागील हेतु होता. परंतु त्या वर्षीं ९ जून रोजीं, पेन्टेकॉस्टच्या रविवारीं, हा ग्रंथ सक्तीनें सुरू होतांच डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांत बंड उठलें. बंडखोरांना जुनी उपासना परत हवी होती; आणि कॉर्नवॉलच्या लोकांची आणखी एक तक्रार अशी कीं, आमच्यांतील कित्येकांस इंग्रजी मुळींच कळत नाहीं. त्यांची मातृभाषा कॉर्निश होती. लोकभाषेचा कैवार घेऊन निघालेली सुधारणा येथें दुसऱ्याच भाषेची सक्ती होऊन बसली. बंड मोडलें, हजारों माणसें मारलीं गेलीं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश भाषा नित्य व्यवहारांतून लोपली. पुढें त्याच गांवांतून पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी प्रार्थना म्हटल्या गेल्या व त्या लोकांच्या जिभेवर रुळल्या. परंतु त्यांच्या प्रारंभीं झालेला हा रक्तपात विसरतां येत नाहीं.

ग्रंथाचें जें रूप पुढें प्रमाण ठरलें, तें १६६२ सालचें. त्यांत लहान गांवांचा विचार स्पष्टपणें केलेला आहे. ज्या गांवांत प्रभुभोजन घेण्यायोग्य माणसें वीसांहून अधिक नाहींत, तेथेंहि धर्मगुरूबरोबर चार, निदान तीन माणसें असल्यावांचून तो विधि होऊं नये, असा नियम आहे. भाकर एकट्यानें मोडावयाची नाहीं, ती वाटून घ्यावयाची, हें तत्त्व त्यामागें आहे. प्रत्येक सभासदानें वर्षांतून निदान तीन वेळां हें भोजन घ्यावें व त्यांपैकीं एक वेळ ईस्टरची असावी, असेंहि त्यांत सांगितलें आहे.

रविवारच्या उपासनेचा क्रम साधा असतो. घंटा होते. मंडळी एकत्र पापांगीकार करते. स्तोत्रें म्हटलीं किंवा गाइलीं जातात. जुन्या व नव्या करारांतील एकेक पाठ वाचला जातो. मग विश्वासांगीकार व प्रार्थना. दीडशें स्तोत्रांची वांटणी तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळांवर केलेली आहे, त्यामुळें नित्य उपासना करणाऱ्याचें महिन्यांत एक पारायण होतें. दर रविवारची म्हणून एक छोटी प्रार्थना असते, ती मात्र बदलते. आगमनकालापूर्वींच्या रविवारची प्रार्थना ‘ढवळून जागें कर’ अशा अर्थाच्या शब्दांनीं सुरू होते. ती ऐकली कीं, नाताळचें पुडिंग ढवळण्याची वेळ झाली, असें घरोघरच्या गृहिणी मानीत. प्रार्थनेचा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचला, कीं तो परका राहत नाहीं.

मंडळीचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. तें नाताळपूर्वींच्या चौथ्या रविवारीं, आगमनकालानें सुरू होतें. नाताळची तारीख ठरलेली, परंतु ईस्टरची चंद्रावर अवलंबून. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हांहि येतो. ज्यांच्या घरीं पंचांग पाहून सण ठरतात, त्यांस या गणिताचें नवल वाटणार नाहीं. ही पौर्णिमा प्रत्यक्ष आकाश पाहून नव्हे, तर चर्चच्या कोष्टकांवरून काढतात. ईस्टरच्या मागें चाळीस दिवसांचा उपासकाल आणि पुढें पन्नासाव्या दिवशीं पेन्टेकॉस्ट, अशी ही सर्व माळ त्या एका चंद्राबरोबर पुढें-मागें सरकते.

या काळांची ओळख वेदीवरील वस्त्राच्या रंगावरूनहि पटते. आगमनकालीं व उपासकालीं जांभळा, नाताळ व ईस्टर या सणांस पांढरा किंवा सोनेरी, पेन्टेकॉस्टला तांबडा आणि एरव्हीं हिरवा. उपासकालाच्या प्रारंभीं कपाळावर राखेची खूण करतात. ही राख बहुधा गेल्या वर्षींच्या झावळ्यांच्या क्रुसांची असते. म्हणजे मागील वर्षाचा उत्सव जळून यंदाच्या अनुतापास कामीं येतो. या काळांत वेदीवर फुलें ठेवीत नाहींत. त्यामुळें ईस्टरच्या सकाळीं फुलांनीं भरलेलें चर्च पाहतांना जो आनंद होतो, तो बराचसा आधींच्या चाळीस दिवसांच्या रितेपणानें दिलेला असतो. ईस्टरनंतरच्या पांचव्या रविवाराच्या सुमारास पिकांसाठीं प्रार्थना होते. पूर्वीं त्या वेळीं मंडळी मिरवणुकीनें गांवची शीव फिरून येई.

आतां मॉर्वेनस्टोच्या स्वतःच्या सणाकडे वळावयाचें. १८३४ सालीं रॉबर्ट स्टीफन हॉकर हा कवि येथें धर्मगुरु म्हणून आला. त्यापूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें या गांवीं धर्मगुरु राहत नव्हता. या किनाऱ्यावर जहाजें वारंवार फुटत. बुडालेल्या खलाशांचीं प्रेतें जेथें सांपडत तेथेंच वाळूंत पुरलीं जात, किंवा समुद्रावरच सोडलीं जात. हॉकरनें कडे उतरून तीं वर आणविलीं आणि चाळीसांहून अधिक अनोळखी माणसांस चर्चच्या आवारांत विधिपूर्वक मूठमाती दिली. १८४२ सालीं फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ जहाजावरील माणसांची जागा त्या जहाजाच्याच नाळेवरील स्त्रीमूर्तीनें दाखविली जाई. ती मूळ मूर्ति आतां चर्चमध्यें सुरक्षित ठेविली असून बाहेर तिची प्रतिकृति आहे.

याच हॉकरनें सप्टेंबर १८४३ मध्यें गांवकऱ्यांस निमंत्रण दिलें कीं, पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारीं सर्वांनीं जमावें व नव्या धान्याच्या भाकरीनें प्रभुभोजन घ्यावें. १ ऑक्टोबर १८४३ रोजीं तो विधि झाला. कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. जुन्या इंग्लंडांत १ ऑगस्टला पहिल्या गव्हाची भाकर चर्चमध्यें नेत. शेतावर सुगी संपल्यावर जेवणावळहि होई. हॉकरनें त्या विस्मृत प्रथेस सुगीच्या अखेरीस आणून बसविलें. कोकणांत नव्याच्या पौर्णिमेस नवें धान्य आधीं देवापुढें जातें. त्याच जातीची ही कृतज्ञता आहे. पुढें कांहीं दशकांतच हा सण इंग्लंडभर पसरला. खिडक्यांत सफरचंदें, वेदीपाशीं गव्हाच्या पेंढ्या, आणि मध्यभागीं पेंढीच्या आकाराचा मोठा पाव, हें दृश्य गांवोगांव दिसूं लागलें.

नाताळचाहि एक विधि कॉर्नवॉलनेंच दिला. २४ डिसेंबर १८८० च्या रात्रीं ट्रुरो येथें, कॅथीड्रलाचें बांधकाम चालू असल्यानें एका लांकडी शेडमध्यें, बिशप बेन्सन यानें नऊ पाठ व त्यांमधून नाताळगीतें असा कार्यक्रम केला. पाठ वाचण्याचा आरंभ गायकवृंदांतील मुलानें करावयाचा आणि शेवट बिशपनें. १९१८ सालीं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजनें तो उचलला, १९२८ सालीं बीबीसीनें तो प्रक्षेपित केला, आणि मग रेडिओवर ऐकून गांवोगांवच्या मंडळ्यांनीं तो आपल्या बेताचा करून घेतला. त्यास मोठा गायकवृंद लागत नाहीं. नऊ वाचक मिळाले म्हणजे पुरे.

येथेंच खऱ्या प्रश्नाशीं गांठ पडते. खेड्यांतील मंडळ्या रोडावल्या आहेत. एका धर्मगुरूकडे चार-सहा चर्च असणें ही आतां सामान्य गोष्ट आहे. प्रत्येक चर्चमध्यें दर रविवारीं उपासना झालीच पाहिजे, हा सतराव्या शतकापासूनचा दंडक फेब्रुवारी २०१९ मध्यें चर्चच्या महासभेनें शिथिल करण्याचें ठरविलें, कारण तो पाळणें पुष्कळ ठिकाणीं अशक्यच झालें होतें. मग राहिलें काय? राहिले ते मुख्यतः सण. एरव्हीं ज्या चर्चमध्यें दहा-बारा डोकीं दिसतात, तेथें सुगीच्या रविवारीं व नाताळच्या संध्याकाळीं बसावयास जागा मिळत नाहीं. कोणी म्हणतात, ही केवळ हौस आहे, भक्ति नव्हे. हा आक्षेप सोडून देण्यासारखा नाहीं. दर रविवारच्या दहा-बारा माणसांनीं दिवा तेवत ठेवला नसता, तर सणाच्या दिवशीं दार उघडावयास कोणी राहिलें नसतें. परंतु सण नसते, तर त्या दहा-बारांचा गांवाशीं असलेला संबंधहि तुटला असता.

सुगीच्या सणाचें रूपहि पालटलें आहे. वेदीपाशीं आतां पेंढ्यांच्या शेजारीं डबाबंद अन्न आणि पुड्यांची रास असते. विधि झाल्यावर ती गरजू कुटुंबांच्या अन्नपेढीकडे जाते. देणाऱ्यांपैकीं थोडेच स्वतः शेतकरी असतात. तथापि हॉकरनें वाळूंतील अनोळखी प्रेतांस आपल्या गांवचीं मानलें आणि प्रार्थनाग्रंथानें तीन माणसांवांचून भाकर मोडूं नये असें बजाविलें, त्या दोहोंशीं ही रास विसंगत नाहीं. मंडळी किती लहान झाली, यापेक्षां ती कोणास आपल्या पंक्तीस घेते, यावरच तिचें पुढील वर्ष अवलंबून राहणार आहे.