काचेच्या मत्स्यालयास छिद्र पाडून नळजोडणी : शास्त्र व पद्धती (लातूर-नांदेड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. अशा प्रदेशात प्राणिशास्त्र विभागाचे मत्स्यालय चालवायचे असेल, तर पाणी वारंवार बदलण्यापेक्षा ते गाळून फिरवणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी मुख्य टाकीतील पाणी छिद्रावाटे खालच्या गाळण-टाकीत उतरवून मोटारीने पुन्हा वर चढवतात. हे छिद्र कोठे व कसे पाडावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

काचेची निवड :
साध्या काचेस छिद्र पाडता येते; टफन काचेस नाही. टफन काचेचा पृष्ठभाग दाबाखाली व अंतर्भाग ताणाखाली असतो. हा समतोल बिघडताच संपूर्ण काच तुकडे होऊन विखुरते. म्हणून टाकी बनवणाऱ्याकडून प्रत्येक बाजूच्या काचेचा प्रकार आधी विचारून घ्यावा. साधी काचही कडेच्या सूक्ष्म भेगांपासून तडकते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावरून स्पष्ट होते. त्यामुळे छिद्र व काचेची कड यांत किमान छिद्राच्या व्यासाइतके अंतर ठेवावे.

छिद्राची उंची :
मराठवाड्यात वीज जाणे नवे नाही. वीज गेल्यावर मोटार थांबते. परंतु छिद्राच्या पातळीपर्यंतचे पाणी खाली उतरतच राहते. ९० × ४५ सें.मी. तळाच्या टाकीत पातळी ४ सें.मी. उतरल्यास सुमारे १६ लिटर, तर ४० सें.मी. उतरल्यास १६२ लिटर पाणी खाली येते. यास्तव छिद्र वरच्या भागात घ्यावे आणि खालच्या टाकीत तेवढी जागा कायम रिकामी ठेवावी. पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड खोल बुडालेले असल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी उलट वाहते. म्हणून ते पृष्ठभागालगतच ठेवावे.

छिद्र पाडण्याची कृती :
प्रथम टँक निपल विकत घेऊन त्याच्या आट्यांचा बाह्य व्यास मोजावा. नळीच्या नावातील माप येथे उपयोगी पडत नाही. टाकी रिकामी करून आडवी ठेवावी. खुणेभोवती चिकणमातीची पाळ करून आत थोडे पाणी भरावे. हिऱ्याच्या कणांचे पोकळ बिट मंद गतीने, आरंभी किंचित तिरपे व खाच पडल्यावर सरळ धरावे. हे बिट काच कापत नाही, घासते. म्हणून जोर देऊ नये. पाण्यामुळे उष्णता कमी होते व काचेची भुकटी उडत नाही. शेवटच्या थरास दाब आणखी हलका करावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि पाण्याजवळ काम असल्याने बॅटरीवरील ड्रिल वापरणे इष्ट.

त्यानंतर रबरी वॉशरसह निपल हाताने आवळावा. अतिरिक्त आवळल्यास काच तडकते. मासे सोडण्यापूर्वी टाकी २४ तास भरून ठेवावी आणि मोटार मुद्दाम बंद करून खालची टाकी ओसंडत नाही ना, हे पाहावे.

समारोप :
या व्यवस्थेमुळे पाणी बदलण्याची गरज पूर्णतः संपत नाही. विरघळलेले नायट्रेट काढण्यासाठी अंशतः बदल करावाच लागतो. मात्र ते पाणी महाविद्यालयाच्या बागेतील झाडांना देता येते. मुख्य टाकीतील पातळी मोटारीवर नव्हे, तर छिद्राच्या उंचीवर ठरते, एवढे सूत्र ध्यानी ठेवल्यास टंचाईच्या काळातही प्रयोगशाळेतील मत्स्यालय जबाबदारीने चालवता येईल.