स्तनांची शस्त्रक्रिया झाली असेल तर बाळाला पाजता येते का?

आकार वाढवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या काही भगिनी ही गोष्ट घरात कुणालाच सांगत नाहीत. बाळंतपणात मग डॉक्टरांपासूनही लपवतात. आमचे सांगणे एवढेच, की डॉक्टरांपासून लपवू नका. यात बाळाच्या पोटाचा प्रश्न आहे.

बहुतेक जणींना थोडेफार तरी दूध येतेच. किती येईल, हे छेद कुठे दिला यावर बरेच अवलंबून असते. स्तनाखालून किंवा काखेतून इम्प्लांट बसवले असेल तर दुधाच्या नळ्या बहुधा शाबूत राहतात. स्तनाग्राभोवती छेद असेल तर नळ्या आणि नसा तुटण्याची शक्यता जास्त. आकार कमी करताना दूध तयार करणारा भागही निघतो, म्हणून दूध कमी पडू शकते. इम्प्लांटमधल्या सिलिकॉनमुळे दूध पिणाऱ्या बाळाला अपाय होतो, असे मात्र आढळलेले नाही.

जन्मानंतर लगेच पाजायला घ्या, 24 तासांत 8 ते 12 वेळा. पाचव्या दिवसापासून बाळाला दिवसात किमान 6 वेळा लघवी व्हायला हवी. दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन भरून यायला हवे. तसे नसेल तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वरचे दूध सुरू करावे लागले तरी अंगावरचे बंद करू नका.

सूरह बकराच्या आयत 233 मध्ये दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे. कुणावर ताकदीबाहेरचे ओझे नाही, हेही त्याच आयतीत आहे. टोमणे मारण्याआधी घरच्यांनी एवढे आठवावे.