ठासणीची बंदूक व पिकांची राखण

हरभरा घाट्यावर आला आणि ज्वारी निसवली, कीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास रात्रीची झोप पारखी होते. रोह्यांचा कळप एका रात्रींत जेवढें खातो त्याहून अधिक तुडवितो. आणि रानडुकरें भुईमूग, मका व ऊस यांची जी नासधूस करितात तिचें वर्णन वाचकांस करून सांगणें नलगे. अशा वेळीं पारावर एक प्रश्न हटकून निघतो : "आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडली आहे, ती काढली तर काय बिघडलें?" बिघडतें काय आणि साधतें काय, याचा नीट उलगडा व्हावा या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यांत दारू व गोळी किंवा छरे नळीच्या तोंडानें घालून गजानें ठासावे लागतात ती. आंतील दारू पेटविण्याच्या रीतीवरून तिचे मुख्य तीन प्रकार होतात. पहिली तोड्याची. तींत सुताची जळती दोरी, म्हणजे तोडा, रंजकेस लावीत. दुसरी चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा चामड्याच्या पट्टींत आवळून बसविलेला असतो. चाप ओढतांच घोडा पुढें झेपावतो, गार पोलादी पत्र्यावर घासते, त्याच धक्क्यानें रंजकदाणीचें झाकण उघडतें, ठिणग्या रंजकेवर पडतात आणि ज्वाला नळीच्या कानांतून आंतील दारूस पोंचते. तिसरी टोपीची. आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग करण्याचें पेटंट स्कॉटलंडांतील फोर्साइथ नांवाच्या पाद्र्यानें १८०७ सालीं घेतलें. त्यावरून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि गार व रंजक या दोहोंची गरज संपली.

गार आमच्या लोकांस नवी नव्हे. काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या नांगरटींत पायाखालीं येतात, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. आगपेटी घरोघर येण्यापूर्वीं गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस एवढ्या साहित्यावर चिलीम पेटत असे. तीच युक्ति कारागिरानें बंदुकीच्या घोड्यांत बसविली, एवढेंच.

या बंदुकीनें मराठ्यांच्या इतिहासांतही मोठें काम केलें आहे. महादजी शिंद्यांनीं द बॉइन या सेनानीकडून कवाइती पलटणी तयार करविल्या, त्यांच्या हातीं चकमकीच्या बंदुका होत्या. भोकरदन तालुक्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंद्यांचे कंपू व इंग्रज फौज यांची गांठ पडली, तेव्हां दोन्ही बाजूंकडील पायदळ याच जातीच्या बंदुका झाडीत होतें. खुद्द हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती १९०३ च्या सुमारास उठली. एकोणिसाव्या शतकाच्या अवधींत फौजांची बंदूक गारेवरून टोपीवर व टोपीवरून काडतुसावर गेली, आणि मागें राहिलेली ठासणीची बंदूक शेताच्या राखणीस उरली.

आतां तिची खरी कुवत पाहूं. साध्या, म्हणजे आंत आटे नसलेल्या नळीची एकच गोळी शंभर पावलांपलीकडे कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं. रात्रीच्या अंधारांत पन्नास पावलांपलीकडचा नेम हा नेमच नव्हे. एकदां बार काढला कीं पुन्हां दारू, गोळी व ठासणी. कवाइती शिपाई मिनिटांत तीन बार काढीत. माचाणावर कुडकुडणाऱ्या राखणदारास एकास मिनिट पुरत नाहीं. जखमी डुक्कर इतका वेळ देत नाहीं. शिवाय चकमकीच्या बंदुकीचा मोठा वैरी दमट हवा. रंजक ओलावली कीं ठिणगी पडून विझते, किंवा रंजक उडते आणि बार मात्र होत नाहीं. सोयाबीनची राखण ज्या श्रावण-भाद्रपदांत करावयाची, नेमकी त्याच महिन्यांत ही बंदूक दगा देते. केवळ आवाजानें जनावरें पळवावीं, हा उपयोग कांहीं दिवस होतो. परंतु रोही शहाणें आहे, नुसत्या आवाजास तें लवकरच सरावतें.

यानंतर कायद्याचा विचार. येथें दोन निरनिराळे कायदे लागतात, आणि त्यांचा घोळ केल्यानें पुष्कळ लोक अडचणींत येतात. पहिला १९५९ चा शस्त्रांचा कायदा. त्याच्या १३ व्या कलमांत, खरोखर पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक पाहिजे असल्यास भारतीय नागरिकास परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. आणि ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास बिनआट्याच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना त्यास देतां येतो. परंतु परवाना तो परवानाच. वडिलांच्या नांवचा परवाना मुलाच्या उपयोगी पडत नाहीं. परवानेदार निवर्तल्यावर बंदूक घरांत दडवून ठेवणें हा गुन्हा आहे. ती ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानें आपल्या नांवें स्वतंत्र अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षे झाली आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, वन्य जीवांच्या संरक्षणाचा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, ही गोष्ट वाचकांनीं पक्की गांठीं बांधावी. शौकाची शिकार आपल्या देशांत बंद झाली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही व रानडुक्कर हीं दुसऱ्या अनुसूचींत आहेत. त्या अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास घातक झाल्यास, कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी व सकारण हुकूम देऊन तें मारण्याची परवानगी देऊं शकतो. यासाठीं महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं वनक्षेत्रपालाकडे तक्रार करून परवानगी मागण्याची रीत घालून दिली. काळवीट व बिबट्या मात्र पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें पिकाच्या नासाडीचें कारण त्यांस लागूच पडत नाहीं. अंधारांत रोह्याची मादी समजून काळवीट मारिलें, तर 'ओळखलें नाहीं' ही सबब चालत नाहीं. आणि परवानगीनें मारिलेलें जनावरही सरकारची मालमत्ता होय. त्याचें मांस वांटून घेणें हा निराळा गुन्हा.

ज्यांच्याजवळ रीतसर परवाना व बंदूक आहे, त्यांच्यासाठीं जपणुकीचे चार शब्द. काळ्या दारूची काजळी हवेंतील ओल शोषून घेते आणि एका रात्रींत नळीस गंज धरविते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुवावी, कोरड्या फडक्यानें पुसावी व तेलाचा हात फिरवावा. बंदूक भरलेली आहे कीं रिकामी, हें अंदाजानें ठरवूं नये. रिकाम्या नळींत गज कोठवर जातो तेथें त्यावर खूण करावी. गज खुणेइतका आंत गेला नाहीं तर नळींत कांहीं आहे असें समजावें. भरलेल्या बंदुकींत विसरून दुसरा बार ठासल्यानें नळी फुटते. रंजक उडून बार झाला नाहीं, तर नळीचें तोंड मोकळ्या दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावें. विलंबानें बार होण्याचा संभव असतो. काडतुसांतील बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकींत कदापि घालूं नये. तिचा जोर या नळीस सोसत नाहीं. आणि घरीं दारू कुटण्याच्या भानगडींत तर पडूंच नये. तो गुन्हा आहेच, परंतु त्याहूनही खात्रीचा आहे तो हाताच्या बोटांचा नाश.

मग ज्यांच्या घरीं पूर्वजांची चकमकीची बंदूक केवळ आठवण म्हणून आहे, आणि खंडेनवमीस तिची पूजा होते, त्यांनीं काय करावें ? शस्त्रांच्या कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांस सूट आहे. मात्र तें हत्यार वापरण्याचा हेतु नसावा, किंवा दुरुस्त करूनही तें वापरण्याजोगें नसावें, अशी अट आहे. लोहाराकडून घोडा व कान साफ करून घेऊन तिचा बार काढावयास निघालेल्या मनुष्यास ही सूट कशी मिळणार ? तेव्हां ठाण्यांत लेखी माहिती देऊन पोंच घ्यावी व पूजेची वस्तु पूजेंतच ठेवावी. परदेशांत या बंदुकीचा शौक जिवंत आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया राज्यांत चकमकीच्या बंदुकीनें हरणें मारण्याचा खास हंगाम १९७४ सालीं सुरू झाला. युरोपांत जुन्या लढायांचे देखावे करितांना शेंकडों लोक बिनगोळीचे बार काढितात. परंतु तेथेंही देखाव्याच्या मैदानावर गज वापरूं देत नाहींत, कारण नळींत विसरलेला गज बाणासारखा सुटतो. आपल्याकडे दसऱ्याच्या मिरवणुकींत देखावा करावयाचा झाल्यास लांकडी बंदूक पुरेशी आहे.

शेवटीं मूळ प्रश्नाकडे येऊं. पीक वांचलें पाहिजे, हें खरें. परंतु बंदुकीचा परवाना नाहीं म्हणून कुंपणाच्या तारेंत घरगुती वीज सोडणें, किंवा कणकेच्या गोळ्यांत स्फोटक ठेवणें, हे उपाय आम्हांस बंदुकीहून शतपट भयंकर वाटतात. तारेस रोही व शेजारी यांतील भेद कळत नाहीं. पहांटे पाणी द्यावयास निघालेला आपलाच भाऊ तीस चिकटला, तर वांचलेल्या हरभऱ्याचें काय करावयाचें ? सौर कुंपणाची गोष्ट निराळी. त्यांतील यंत्र अखंड प्रवाह न सोडतां क्षणभराचे झटके देतें. जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. तें एकट्याच्या चार एकरांस घालण्यापेक्षां शिवारांतील पांच-दहा शेतकऱ्यांनीं मिळून घातलें, तर खर्च वांटला जातो, आणि जनावरें एकाच्या शेतांतून दुसऱ्याच्या शेतांत ढकललीं जात नाहींत. नुकसान झालेंच, तर तीन दिवसांच्या आंत वनखात्याकडे तक्रार नोंदवून पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला कीं हक्काची भरपाई जाते.

सारांश, ठासणीची बंदूक कायद्यानें शेतकऱ्यास निषिद्ध नाहीं. परंतु ती एका बाराची, उन्हाळ्यांतली व जबाबदार हाताची वस्तु आहे. जो तिचा परवाना काढील, जनावर ओळखील, हुकूम हातीं आल्यावांचून त्यावर नेम धरणार नाहीं आणि बार काढल्यावर नळी धुवील, त्यानें ती जरूर बाळगावी. बाकीच्यांनीं आजोबांची बंदूक माळ्यावरून काढावी ती ठाण्यांत नोंद करण्यासाठींच, आणि राखणीस शेजाऱ्यांसह मिळून जावें, हेंच आमच्या मतें श्रेयस्कर होय.