प्रदर्शनासाठीं गांव कोणतें?

एखाद्या धंद्याचें प्रदर्शन भरवावयाचें ठरलें, म्हणजे पहिला वाद गांवाविषयीं होतो. सातारकर साताऱ्याचें नांव पुढें करतो, सांगलीकर सांगलीचें. आणि मैदान केवढें, मंडप केवढा, यावरच चर्चा खर्ची पडते. वास्तविक मंडप कोठेंही उभारतां येतो. माल घेणारा आणि माल विकणारा हे दोघे त्या ठिकाणीं सहज येतील काय, हा खरा प्रश्न होय.

जर्मनींतील लाइप्झिग शहराचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. दोन मोठे व्यापारी मार्ग तेथें एकमेकांस छेदीत, म्हणून तेथील जत्रा वाढली. सम्राट मॅक्सिमिलियन यानें १४९७ सालीं तिला सनद दिली, ती मागाहून. पुढें १८९५ सालीं त्याच जत्रेस नमुन्यांच्या प्रदर्शनाचें रूप आलें. सारा माल वाहून न आणतां व्यापाऱ्यानें केवळ नमुना मांडावा व मागणी नोंदवून घ्यावी, अशी पद्धत पडली. आधीं रस्ता, मग सनद, आणि मंडप सर्वांत शेवटीं, असा हा क्रम आहे.

हाच क्रम कृष्णाकांठीं लावून पाहावा. धंदा हळदीचा असेल, तर सांगलीशीं बरोबरी करणें साताऱ्यास कठीण आहे. सातारा जिल्ह्यांतही हळद पिकते, हें खरें; परंतु मोठे सौदे निघतात ते सांगलीच्या पेठेंत. हरिपुरास जमिनीखालील पेवांत हळद सांठविण्याची वहिवाट जुनी आहे, आणि सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. अडते, खरेदीदार व हमाल तेथें आहेतच. हळद शिजविण्याचें नवें यंत्र तेथें मांडलें, तर पारखणारे डोळे बोलावून आणावे लागत नाहींत.

यंत्रांचे सुटे भाग हा विषय घेतला, कीं पारडें बदलतें. सांगलीकडे किर्लोस्करवाडीचा १९१० पासूनचा वारसा आहे, साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याचा. तथापि सातारा पुणें-बंगळूर महामार्गावर आहे. पुण्याच्या कारखानदारास तेथें येऊन त्याच दिवशीं परततां येतें. येथें साताऱ्याचा दावा बळकट ठरतो.

स्थळाबरोबर काळाचाही विचार हवा. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें होतें. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. यास्तव पावसाळ्यांत सांगलीस प्रदर्शनाचा बेत करणें शहाणपणाचें नव्हे. उलट संक्रांतीनंतर नवी हळद पेठेंत येऊं लागते, तोच तिच्या प्रदर्शनाचा काळ.

दोन्ही जिल्ह्यांचा शेतकरी एकत्र यावा असा हेतु असेल, तर कराडचें उदाहरण समोर आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या नांवानें तेथें भरणारें कृषि व औद्योगिक प्रदर्शन नोव्हेंबरांत, म्हणजे पाऊस सरल्यावर भरतें. आणि कराड दोन्ही शहरांच्या मध्यें, महामार्गावर आहे.

अखेर ज्याच्यासाठीं हा खटाटोप, त्याच्याकडे पाहावें. दोन एकरांचा धनी सकाळची धार काढून निघतो, आणि संध्याकाळच्या धारेला त्याला घरीं पोंचावयाचें असतें. गाडीभाडें व बुडालेला दिवस हा त्याचा खर्च कोणत्याच जमाखर्चांत लिहिला जात नाहीं. गांव निवडणाऱ्यांनीं आपल्या हिशेबांत पहिली रक्कम ती मांडावी.